चर्चगेटचे गेट कोठे गेले?

मुलांनो, मुंबईत चर्चगेट नावाचे रेल्वेस्थानक आहे. तेथे उतरून पाहिलेत, तर ना चर्च दिसते, ना गेट! मग हे नाव कसे पडले? चला, जवळच्या फोर्ट भागात फिरू या.

पूर्वी या भागाभोवती इंग्रजांनी बांधलेला तट होता. तटाच्या आत १७१८ साली सेंट थॉमस चर्च सुरू झाले. चर्चकडे जाणारा तटाचा दरवाजा म्हणजे 'चर्च गेट'. १८६०च्या दशकात तट पाडला गेला. दरवाजाच्या जागी आता फ्लोरा फाउंटन हे कारंजे आहे. चर्च मात्र अजून उभे आहे. आत गेलात तर हळू बोला. कोणी प्रार्थना करत असेल.

तुम्ही उर्दूत 'गिरजा' म्हणता ना? तो शब्द पोर्तुगीजांकडून आला.

आता भूक लागली असेल! बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२३ साली 'ब्रिटानिया' हे इराणी उपाहारगृह सुरू झाले. ते बेरी पुलावासाठी प्रसिद्ध आहे. इराणी हॉटेलांतला पाव-मस्काही पाहा : 'पाव' शब्द पोर्तुगीज, 'मस्का' फारसी! जे लोक मुंबईत आले, त्यांचे शब्दही येथलेच झाले.

अशी बरीच इराणी हॉटेले आता बंद पडली आहेत. वास्तू गेली तरी नाव राहते. पण त्याची हकिकत सांगणारे कोणी उरले नाही, तर नाव मुके होते. म्हणून मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांना आजच विचारा, "आपल्या गल्लीचे नाव कसे पडले?" उत्तर वहीत लिहून ठेवा.