रनिंग बॅकचा कस कसा जोखायचा?

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलमधल्या अटलांटा फाल्कन्सचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, बिजन रॉबिन्सन याने पहिल्या हंगामात धावून हजार यार्डही गाठले नाहीत. तरी त्याचं कौतुक का होत होतं?

उत्तर : हजाराचा आकडा मनातून काढा. 2023 मध्ये रॉबिन्सनने 976 यार्ड धाव घेतली, पण धावण्यासाठी त्याच्या हाती चेंडू आला फक्त 214 वेळा. म्हणजे दर खेपेला साधारण 4.6 यार्ड, नवख्यासाठी हे उत्तमच. शिवाय 58 झेल! पुढच्या वर्षी 304 संधी मिळाल्या आणि यार्ड झाले 1,456. सरासरी थोडीशीच वाढली. मोठा फरक संधींचा होता.

सरासरीही फसवते, बरं का. समजा, वीस खेपांत 80 यार्ड झाले आणि त्यांतले 60 एकाच धावेत. मग उरलेल्या एकोणीस खेपांत जेमतेम वीस! म्हणून मी आधी पाहतो, पहिला प्रतिस्पर्धी अंगाला भिडल्यावर रनिंग बॅक किती पुढे सरकतो. त्याआधीची वाट बहुतांशी समोरची ब्लॉकर मंडळी मोकळी करून देतात, त्यामुळे ते श्रेय त्यांनाही द्यायला हवं.

आणखी एक गोष्ट पाहा, जी धावांच्या तक्त्यात कधीच दिसत नाही. क्वार्टरबॅक पास द्यायला थांबतो, तेव्हा त्याच्या अंगावर येणाऱ्या बचावपटूला रनिंग बॅक अडवतो का? तरुण खेळाडू बहुधा इथेच कमी पडतात आणि बाकावर बसतात.

पुढचा सामना पाहताना चेंडू सोडून काही वेळ फक्त रनिंग बॅककडे लक्ष ठेवा.