माळकऱ्याने परमुलखी जावे काय?

गळ्यात तुळशीची माळ आहे, घरात पिढीजाद वारी आहे, आणि पोटासाठी महाराष्ट्र सोडण्याची वेळ आली आहे. अशा वेळी जावे की राहावे, हा या महिन्याचा विचारविषय. प्रश्न काल्पनिक नव्हे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी आणि सातारा जिल्ह्यातील माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातील तरुण मंडळी कीर्तन आटोपल्यावर हटकून हाच प्रश्न घेऊन येतात. या भागातले लोक गलाईच्या धंद्यानिमित्त साऱ्या हिंदुस्थानात पसरले आहेत. जुने दागिने मुशीत आटवायचे, तेजाबात उकळून चांदी-तांबे वेगळे काढायचे आणि शुद्ध सोने गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे, असा हा धंदा. बंगाल म्हणा, केरळ म्हणा, तामिळनाडू म्हणा, पंजाब म्हणा. जिथे सराफबाजार आहे तिथे एखाद्या बोळात विट्याकडचा मनुष्य भट्टी लावून बसलेला सापडतो. मग मामा किंवा चुलता निरोप धाडतो, ‘पोराला दुकानावर पाठवून द्या.’ बाप म्हणतो जा, आई डोळ्याला पदर लावते, आणि पोरगा आम्हांला विचारतो, ‘महाराज, माझ्या माळेचं काय?’

आता याचा शास्त्ररीतीने विचार करू. आधी पूर्वपक्ष ऐकून घ्यावा. पूर्वपक्षी म्हणतो की, देशत्याग हाच मुळी दोष आहे. त्याला आधारही आहे. बौधायनाच्या धर्मसूत्रात वंग, कलिंग, सौवीर वगैरे प्रांतांत जाऊन आलेल्यास प्रायश्चित्त म्हणून यज्ञ सांगितला आहे. पुढच्या स्मृतिकारांनी तीर्थयात्रेचा अपवाद तेवढा ठेवला. आम्ही पाठशाळेत हे शिकलो तेव्हा एका विद्यार्थ्याने गुरुजींना विचारले होते, ‘मग जगन्नाथपुरी कलिंगातच ना?’ गुरुजी हसले. तो निषेध ज्या काळी लिहिला त्या काळी त्या प्रांतांत वैदिक कर्म चालत नव्हते, म्हणून लिहिला. कारण गेले की निषेधही गेला. आज बंगालात चैतन्य महाप्रभूंचे नामसंकीर्तन घरोघर आहे. तिथे जाऊन वारकरी बाटेल कसा?

दुसरा पूर्वपक्ष जरा भावनेचा आहे. ‘ही संतांची भूमी, ती सोडायची कशी?’ भावना चांगली आहे, पण विचाराला थोडी कच्ची आहे. महाराष्ट्र राज्य झाले १ मे १९६० रोजी. त्याच्या आधी १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बेळगाव, बिदर, गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. तिथल्या वारकऱ्याने घराचा उंबरासुद्धा ओलांडला नाही आणि त्याचे राज्य बदलले! त्याची वारी बदलली काय? नाही. आजही त्या जिल्ह्यांतून दिंड्या येतात. फार काय, माउलींच्या पालखीपुढे जे अश्व चालतात ते अंकलीच्या शितोळे सरकारांचे. अंकली बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. दर वर्षी ते अश्व तेथून पायी आळंदीला येतात. आणि आपल्या देवालाच संतांनी कानडा म्हटले, हे तर तुम्ही रोज गाता.

देवाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. नाथमहाराजांचे पणजोबा भानुदास महाराज. कृष्णदेवरायाने (कारकीर्द १५०९ ते १५२९) विठ्ठलमूर्ती विजयनगरास नेली आणि भानुदासांनी ती पंढरीस परत आणली, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. हंपीचे विठ्ठलमंदिर आजही आहे. दगडी रथ पाहायला जगभरचे लोक येतात. गाभाऱ्यात मात्र देव नाही. देवालासुद्धा काही काळ परमुलखी राहावे लागले म्हणायचे! पण तो तिथला होऊन राहिला नाही. आणायला भक्त गेला, आणि देव आला.

संतांचे उदाहरण म्हणाल तर नामदेवरायांचे सर्वांत मोठे. ज्ञानदेवांनी शके १२१८ मध्ये समाधी घेतली, त्यानंतर नामदेवराय उत्तरेकडे गेले. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यात घुमान म्हणून गाव आहे, तिथे त्यांचे स्थान आहे. शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत. २०१५ साली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच घुमानला भरले, ते एवढ्याच नात्याने. पण इकडे पाहा: पंढरीच्या महाद्वारात पहिली पायरी कोणाची? नामदेवांची. घुमानचे लोक म्हणतात महाराज आमचे, आपण म्हणतो आमचे. दोन मुलुखांनी आपला म्हणावे असे जगणे ज्याला जमले, त्याच्या जाण्याला दोष कोण देईल?

यापेक्षाही आपल्या जवळचे उदाहरण हैबतबाबांचे. सातारा जिल्ह्यातील आरफळचे हे पवार घराण्यातले गृहस्थ. ग्वाल्हेरीस शिंदे सरकारच्या पदरी चाकरीत होते. म्हणजे पोटासाठीच परमुलखी गेलेले, आजच्या गलाईवाल्यासारखेच. तिकडून परतताना सातपुड्यात वाटमाऱ्यांनी अडवले, अडकून पडले असता हरिपाठाचा घोष चालू ठेवला आणि सुटका झाली, असे सांगतात. मग घरी न जाता ते आळंदीस येऊन राहिले, आणि १८३२ च्या सुमारास माउलींच्या पालखीला त्यांनी आजचे रूप दिले. दिंड्यांचा क्रम, तळ, कूच, ही शिस्त फौजेत वावरलेल्या माणसाची आहे. जो कधी गावाबाहेर पडला नव्हता त्याला ती सुचली असती का, याचा विचार करावा. आळंदीस महाद्वारात हैबतबाबांच्या पायरीला मान आहे, तो आरफळहून ग्वाल्हेर आणि ग्वाल्हेरहून आळंदी अशा फेऱ्यातून आला आहे.

तेव्हा जाण्यात दोष नाही, एवढे ठरले. पण ‘दोष नाही’ म्हणजे ‘जावेच’ असे नव्हे. इथे मंडळी घसरतात.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना ‘अनिकेत’ असा शब्द आला आहे. निकेत म्हणजे घर. ज्याचे ठराविक घर नाही तो अनिकेत. यावरची माउलींची ओवी तुमच्या सर्वांच्या तोंडी आहे. विश्वालाच घर समजणारा तो भक्त, असा तिचा भाव. एक शिकलेला तरुण मोठ्या ऐटीत म्हणाला, ‘महाराज, मी अनिकेत होतो.’ म्हटले, ‘बाबा रे, पुढचा शब्द वाच.’ पुढचा शब्द आहे ‘स्थिरमति’. घर फिरते असले तरी बुद्धी फिरती नको. शिवाय अनिकेत म्हणजे ज्याची घराविषयीची आसक्ती सुटली तो. ज्याने घरच्यांना वाऱ्यावर सोडले तो नव्हे. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

विठ्ठलपंतांची कथा यासाठीच लक्षात ठेवायची. ते काशीस गेले, संन्यास घेतला. रुक्मिणीबाईंची मनापासून संमती नव्हती. पुढे त्यांचे गुरू आळंदीस आले, बाईंनी नमस्कार केला, गुरूंच्या तोंडून पुत्रवती होण्याचा आशीर्वाद गेला, आणि मग सगळी हकिकत उघडी पडली. गुरूंनी काय केले? काशीस परत जाऊन शिष्याला म्हणाले, घरी जा. अहो, काशीसारखे क्षेत्र, संन्यासासारखा आश्रम, आणि तरीही मागे राहिलेल्या माणसाचे मन विचारात घेतले नाही म्हणून गुरूने परत पाठवले! मग सोन्याच्या भट्टीसाठी जाणाऱ्याने बायकोला, आईला विचारू नये, हे कोणत्या शास्त्रात बसते? घरात बाप ‘जा’ म्हणाला की झाले, असे समजू नये. ज्याच्यावर मागचा भार पडणार आहे त्याला विचारावे. पुष्कळदा तो भार आईवर किंवा नव्या सुनेवर पडतो, आणि तिला कोणी विचारलेलेच नसते.

आता पुंडलिक. पुंडलिकराय आईबापांच्या सेवेत असताना देव दारी आला आणि विटेवर उभा राहिला. आपला सारा संप्रदाय त्या सेवेवर उभा आहे. म्हातारे आईबाप आहेत, दुसरा भाऊ नाही, बाप अंथरुणावर आहे, अशा पोराने परमुलखी जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत. जायचेच झाले तर त्यांना बरोबर न्यावे. दर महिन्याला पैसे पाठवले की सेवा झाली, हा हिशोब पुंडलिकाच्या दारी चालत नाही. रात्री पाणी कोण देणार, हा तिथला प्रश्न असतो.

पण याच तोंडाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही आईबाप धडधाकट असतात, दोन मुलगे शेतावर असतात, आणि तिसऱ्याला पुंडलिकाचे नाव घेऊन बांधून ठेवतात. हा पुंडलिकाच्या नावाचा गैरवापर आहे. पुंडलिकाने सेवा आपण होऊन केली. बापाने मागून घेतली असे कथेत कुठे नाही. आणि तोही आधी काशीच्या वाटेने निघालेलाच होता, वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, हे विसरू नये.

जाण्याचे कारणही तपासावे. पूर्वी या पट्ट्यात तीन-तीन वर्षे पाऊस पडत नसे. गेला नाही तर खाणार काय, अशी स्थिती होती. आता कऱ्हाड तालुक्यातील टेंभू येथून कृष्णेचे पाणी उचलून खानापूर-आटपाडीकडे आणले आहे. ज्या रानात बाजरी येत नव्हती तिथे द्राक्षे, डाळिंबे उभी आहेत. ज्याच्या रानापर्यंत पाणी पोचले त्याने आजोबा गेले म्हणून आपणही जावे, याला अर्थ नाही. ज्याच्या रानापर्यंत पोचले नाही, किंवा ज्याला रानच नाही, त्याची गोष्ट वेगळी. त्याला ‘माती सोडू नको’ असे सांगणे सोपे, पण निर्दय. धंद्यातले धोकेही आधी विचारून घ्यावेत. तेजाबाच्या धुराने छाती खराब होते. आणि आलेले सोने चोरीचे निघाले तर आळ भट्टीवाल्यावर येतो. माळकऱ्याने पहिल्या दिवशीच ठरवावे की, ज्याचा ठावठिकाणा कळत नाही तो डाग घ्यायचा नाही. त्यात चार पैसे बुडाले तरी बुडू द्यावेत.

आणि गेल्यावर नेम कसा राखावा? संस्कृतात ‘वस्’ धातू राहणे या अर्थी आहे. त्याला ‘प्र’ लागला की प्रवास, म्हणजे दूर राहणे. ‘उप’ लागला की उपवास, म्हणजे देवाजवळ राहणे. म्हणून प्रवासात असलेल्याने एकादशी अधिक जपावी. दुकान बंद केल्यावर मुलांना घेऊन हरिपाठ म्हणावा. तिकडच्या शाळेत ती पोरे तमिळ, मल्याळम शिकतील, देवनागरी वाचता येणार नाही कदाचित. पण कानाने पाठ झालेला हरिपाठ जात नाही. तामिळनाडूच्या भजनपरंपरेत आपले अभंग आजही गातात, तिथे जाऊन बसावे, लाजू नये. वारी मात्र चुकवू नये. वारी हा शब्दच पुन्हापुन्हा येण्याचा आहे, म्हणजे दूर राहणाऱ्यालाही तो लागू पडतो. आषाढी-कार्तिकीपैकी एक तरी धरावी. आषाढीला लग्नसराई ओसरलेली असते, तेव्हा दुकानातून निघणे त्यातल्या त्यात सोपे. फोनवर देवाचे दर्शन दिसते, सप्ताहाला वर्गणीही पाठवता येते. दोन्ही चांगले, पण त्याला वारी म्हणू नये. मालकाशी नोकरी ठरतानाच वारीच्या दिवसांचे बोलून घ्यावे, मागाहून तोंड वेंगाडू नये.

एक बारीक गोष्ट राहिली, पण तिच्यापायी लोक फसतात. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकाच नावाचा, म्हणून आषाढी एकादशीत घोटाळा होत नाही. वद्य पक्षाचे नाव मात्र बदलते. माउलींचे प्रस्थान आपल्या ज्येष्ठ वद्य अष्टमीचे, ते तिकडच्या पंचांगात आषाढ कृष्ण अष्टमी म्हणून छापलेले असते. आणि आळंदीची कार्तिक वद्य एकादशी तिकडे मार्गशीर्षात पडते. तमिळ आणि मल्याळी पंचांगांतले महिने तर सूर्याच्या संक्रमणावर चालतात. तेव्हा घर सोडताना पेटीत मराठी पंचांग ठेवावे, आणि नवे दर वर्षी पाडव्याच्या आधी गावाहून मागवून घ्यावे.