दुकानदाराचे तीन गुण आणि उधारीची वही

आपल्या समाजात शिक्षणाविषयी पुष्कळ लिहिले व बोलले जाते. नोकरी, आरक्षण, स्पर्धा परीक्षा या विषयांवर दरवर्षी व्याख्याने होतात, आणि ती झालीच पाहिजेत. परंतु दुकान कसे चालवावे, भांडवल कसे सांभाळावे, अडचणीच्या वेळी कोणाकडे जावे, हे विषय आपल्या सभांमधून क्वचितच निघतात. आज नोकऱ्या कमी झाल्या आहेत. आपली मुले किराणा, शिलाई, मोबाईल दुरुस्ती, चहा-नाश्ता असे छोटे धंदे काढीत आहेत. त्यांतील काही टिकतात, पुष्कळ बंद पडतात. आम्ही बँकेत कारकून आहोत. काउंटरच्या आतून हे सारे पाहत आलो आहोत. त्या अनुभवाच्या आधारे हा पाठ विद्यार्थी व सभासद बंधू-भगिनींसमोर ठेवीत आहोत.

पापणिक सुत्त काय सांगते?

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात ‘पापणिक सुत्त’ या नावाची दोन सुत्ते आहेत. पापणिक म्हणजे दुकानदार. पहिल्या सुत्तात सांगितले आहे की, जो दुकानदार सकाळी, दुपारी व संध्याकाळी आपल्या कामात मन लावतो, त्याची संपत्ती वाढते. दुसऱ्या सुत्तात दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत.

पहिला गुण ‘चक्खुमा’, म्हणजे डोळस असणे. हा माल एवढ्याला घेतला, एवढ्याला विकला, तर एवढे भांडवल व एवढा नफा हाती येईल, हे त्याला दिसते. दुसरा गुण ‘विधुर’. मराठीत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. येथे त्याचा अर्थ कुशल असा आहे. ज्याला खरेदी व विक्री दोन्ही जमते तो विधुर. तिसरा गुण ‘निस्सयसंपन्न’, म्हणजे ज्याला आधार आहे असा. गावातील सधन माणसे त्याला ओळखतात. हा माणूस डोळस आहे, कुशल आहे, बायकामुलांचे पोषण करून आपले पैसे वेळच्या वेळी परत करू शकेल, अशी त्यांची खात्री असते. म्हणून ती त्याला आपण होऊन भांडवल देऊ करतात.

हेच तीन गुण भगवंतांनी भिक्खूलाही लावून दाखविले आहेत. भिक्खूच्या बाबतीत निस्सय म्हणजे काय? तर बहुश्रुत भिक्खूंकडे वेळोवेळी जाणे आणि जे समजले नाही ते त्यांना विचारणे. म्हणजे आधार हा केवळ पैशाचा नसतो. विचारता येईल असा माणूस जवळ असणे, हाही आधारच होय.

तिसरा गुण नसेल तर काय होते?

१९१७ साली बाबासाहेब परदेशातून परतले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठाची अर्थशास्त्रातील एम.ए. पदवी त्यांच्याजवळ होती. बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्यतेचा छळ सोसावा लागला आणि ते मुंबईस आले. तेथे त्यांनी शेअर्सच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. डोळसपणा व कौशल्य यांत त्यांची बरोबरी कोण करणार होते? परंतु सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो व्यवसाय बंद करावा लागला. पुढे १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पहिले दोन गुण पराकोटीचे असूनही तिसरा गुण समाजाने नाकारला तर धंदा चालत नाही, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस माहीत नाही.

आपल्या भागातही हे घडले आहे. नागपूर प्रांतात आपले पूर्वज जाडेभरडे कापड विणीत असत. तो त्यांचा स्वतःचा धंदा होता. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या कापडापुढे हातमाग मागे पडत गेला आणि पुष्कळ विणकर गिरणीत मजूर झाले. विणण्याची कला हातात राहिली, पण सूत कोणाकडून घ्यावे, कापड कोणाला विकावे, भाव कसा ठरवावा, हे ज्ञान पिढीगणिक सुटत गेले. २००२ साली एम्प्रेस मिलही बंद पडली, तेव्हा मजुरीही गेली. व्यापारी घरातील मूल ज्या गोष्टी जेवताना ऐकून शिकते, त्या आपल्या मुलांना पदरमोड करून शिकाव्या लागतात.

मात्र आधार नसेल तर तो उभा करता येतो, हेही आपल्याच भागातील माणसांनी दाखविले आहे. कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली. ठेकेदाराच्या पिळवणुकीतून सुटका व्हावी म्हणून सहकारी तत्त्वावर बिडीचे काम चालविण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. अलीकडचे उदाहरण कल्पना सरोज यांचे. अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या या भगिनीने मुंबईत शिलाईकामापासून सुरुवात केली आणि सरकारी योजनेतून कर्ज घेऊन धंदा वाढविला. अशा योजना आहेत हेच पुष्कळ बेरोजगारांना ठाऊक नाही असे दिसल्यावर त्यांना माहिती मिळावी म्हणून संघटनाही काढली. २००६ मध्ये त्या बंद पडत आलेल्या कमानी ट्यूब्स या कंपनीच्या अध्यक्षा झाल्या, व २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्वतःला मिळालेली माहिती त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

एका दुकानाची गोष्ट

आता आपल्या कुही तालुक्याकडे येऊ. गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ साली झाले आणि पुढे तालुक्यातील अनेक गावे पाण्याखाली जाऊन त्यांचे पुनर्वसन झाले. आमच्या नात्यातील एका तरुणाने मोबदल्याच्या पैशातून पुनर्वसन वसाहतीत किराणा दुकान टाकले. मुलगा बारावी शिकलेला, हिशेबात पक्का, पहाटे उठून नागपूरच्या इतवारीतून माल आणणारा. उद्घाटनाला आम्ही सारे गेलो, बुद्धवंदना झाली, पेढे वाटले. दुसऱ्या पावसाळ्यात दुकान बंद झाले.

कारण शोधण्यासाठी आम्ही त्याची उधारीची वही मागितली. तीत ३१ नावे होती. बहुतेक सारी आपलीच माणसे. आणि तिसऱ्या पानावर आमच्या घरचे नाव होते, ७४० रुपये. तेल, साखर व वह्या. पगारदार माणसाच्या घरचे हे नाव! आम्ही दर महिन्याला नागपूरहून मोठ्या दुकानातून रोख पैसे मोजून सामान आणीत होतो, आणि मध्येच काही कमी पडले की त्या मुलाकडे ‘लिहून ठेव रे’ म्हणून निरोप पाठवीत होतो. आपला मुलगा आहे, मागणार नाही, असे धरून चाललो होतो. त्यानेही मागितले नाही. आम्ही पैसे त्याच दिवशी दिले, परंतु तोवर दुकानाचे शटर उतरले होते. आज तो दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहितो.

येथे थोडे गणित करू. समजा, दुकानदार ९० रुपयांचा माल आणून १०० रुपयांस विकतो. तो माल उधार गेला व पैसे बुडाले, तर त्याच्या पदरचे ९० रुपये गेले. एका १०० रुपयांच्या रोख विक्रीत त्याला १० रुपये सुटतात. म्हणजे एक उधारी भरून काढण्यासाठी त्याला तेवढीच विक्री ९ वेळा रोखीने करावी लागते. आमच्या ७४० रुपयांसाठी त्या मुलाला ६,६६० रुपयांचा माल रोख विकावा लागला असता. अशी ३१ नावे होती. परक्यांना रोख आणि आपल्या माणसाला उधार, ही आपली रीत त्याच्या दुकानाला भोवली.

कौशल्य कसे मिळवावे?

१. धंदा काढण्यापूर्वी त्याच धंद्यात सहा महिने दुसऱ्याकडे काम करावे. मालाची पारख व गिऱ्हाइकाचा स्वभाव पुस्तकातून कळत नाही. यात कमीपणा मानू नये.

२. प्रशिक्षण घ्यावे. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जिल्ह्याची अग्रणी बँक चालविते. नागपूर जिल्ह्यात हे काम बँक ऑफ इंडियाकडे आहे. प्रशिक्षण निवासी व विनामूल्य असते. जिल्हा उद्योग केंद्र आणि १९८८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र येथेही चौकशी करावी.

३. रोजमेळ लिहावा. आलेले, गेलेले व उरलेले असे तीन रकाने पुरेत. घरखर्चासाठी गल्ल्यातून काढलेले २० रुपयेही लिहावेत. घर व दुकान यांचे पैसे एकत्र झाले की नफा दिसत नाही आणि तोटाही दिसत नाही.

४. मुदत कर्ज आणि खेळते भांडवल यांतील फरक समजून घ्यावा. यंत्र, कपाट, फ्रीज यांसाठी मुदत कर्ज. मालासाठी खेळते भांडवल. मालाचे पैसे काचेच्या फर्निचरमध्ये घालून बसलेले व रिकाम्या दुकानात हप्त्याची चिंता करणारे तरुण आम्ही पाहिले आहेत.

आधार कसा उभा राहतो?

बँक पतपुरवठा करताना काय पाहते, असे मुले आम्हांस विचारतात. ओळख असावी लागते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु खाते हीच बँकेतील खरी ओळख होय. रोजची विक्री थोडी का होईना खात्यात भरली जाते काय, पूर्वीचे हप्ते वेळेवर गेले काय, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहून अडचणीत आला आहे काय, हे आधी पाहिले जाते. सुत्तातील सधन गृहस्थ जी खात्री करून घेत असत, तीच ही. म्हणून कर्ज मागण्याच्या वर्षभर आधी खाते वापरावयास लागावे.

योजनांपैकी मुद्रा योजना २०१५ साली सुरू झाली. तीत शिशु गटात ५० हजार, किशोर गटात ५ लाख व तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ चा. २०२२ मध्ये त्यातील मर्यादा उत्पादन उद्योगासाठी ५० लाख व सेवा उद्योगासाठी २० लाख झाली. ग्रामीण भागातील अनुसूचित जातीच्या अर्जदारास ३५ टक्के अनुदान व स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के, अशी त्यात तरतूद केलेली आहे. शिंपी, सुतार, गवंडी आदी १८ कारागिरींसाठी २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना आली. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ तर १९७८ पासून आहे. अटी बदलत असतात, म्हणून शाखेत स्वतः जाऊन विचारावे, दलालास पैसे देऊ नयेत. ‘उद्यम’ नोंदणीस एक पैसाही लागत नाही. अनुदान म्हणजे फुकटचा पैसा अशी समजूत करून घेऊ नये. कर्जाचा हप्ता थकला की पुढच्या अर्जाची वाट स्वतःच बंद होते.

माणसांचा आधार उभा करण्याचा सर्वांत चांगला नमुना आपल्या भगिनींच्या बचत गटांत आहे. नाबार्डने १९९२ साली गटांना बँकेशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड व नियमित हिशेब, ही गटाची पंचसूत्री होय. दुकानदार पुरुषांनाही ती तितकीच लागू आहे. पाच दुकानदारांनी मिळून नागपूरहून एक गाडी माल आणला तर प्रत्येकाचे भाडे वाचते. २०१९ मध्ये नागपूर-नागभीड छोटी रेल्वे बंद झाल्यापासून तर याची अधिकच गरज आहे. २०२४ मध्ये आंभोऱ्याचा नवा पूल सुरू झाला. तो पाहण्यास येणाऱ्यांसाठी एकीने पोहे, दुसरीने चहा, तिसरीने घरचे तिखट-मसाले अशी वाटणी करून भगिनींनी दुकाने लावली, तर त्या एकमेकींच्या स्पर्धक न होता आधार होतील.

संस्थेपुढे चार नम्र सूचना

पहिली, प्रत्येक सभासदाने आपल्या माणसाच्या दुकानातून घेतलेल्या मालाचे पैसे रोख द्यावेत. नाइलाजाने उधार घेतले तर पगाराच्या किंवा मजुरीच्या दिवशी ते सर्वांत आधी फेडावेत. दुसरी, महिन्यातून एकदा विहारात दुकानदार व कारागिरांची बैठक घ्यावी. तेथे भाषणे नकोत. कोणता माल कोठे स्वस्त मिळाला व कोणाला काय अडचण आली, एवढेच बोलावे. तिसरी, निवृत्त शिक्षक, लेखापाल, बँक कर्मचारी यांनी एकेका तरुणाची वही वर्षभर तपासून द्यावी. त्याची सुरुवात आम्ही करण्यास तयार आहोत. चौथी, धंदा बुडालेल्या मुलाची टवाळी करू नये. तो पुन्हा उभा राहिला तर त्याच्याइतका अनुभवी दुकानदार गावात दुसरा नसेल.

दुकानाच्या उद्घाटनाला पेढे खाण्यास आपण सारे जातो. दुकान दहा वर्षे चालावे असे वाटत असेल, तर दुसऱ्या दिवशीही जावे, आणि पिशवीबरोबर पैसेही घेऊन जावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पापणिक सुत्तातील तीन गुण सांगून प्रत्येकाचे आपल्या गावातील एक उदाहरण द्या.
२. ८० रुपयांस घेऊन १०० रुपयांस विकावयाचा माल उधार गेला व पैसे बुडाले, तर तो तोटा भरून काढण्यासाठी किती रुपयांची रोख विक्री करावी लागेल?
३. आपल्या घरी आज कोणकोणत्या दुकानांची उधारी आहे? वडीलधाऱ्यांना विचारून यादी करा, आणि ती त्यांनाच वाचून दाखवा.