भिंतीवरचे चित्र, तिजोरीतले चित्र

अमूर्त चित्रकलेला जगात जी कीर्ती लाभली आहे ती न्याय्य आहे काय, आणि तिला लिलावांत येणाऱ्या किमती वाजवी आहेत काय, हे दोन प्रश्न आमच्याकडे नेहमी एकाच दमात विचारले जातात. आणि ज्या अर्थी ते एकाच दमात विचारले जातात त्या अर्थी त्यांचे उत्तरही एकच असले पाहिजे, असे विचारणारा मनाशी धरून चालतो. जुन्नर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकविण्यात माझी सारी नोकरी गेली. ह्या समजुतीपायी माझ्या एका निकटच्या आप्ताचे जे नुकसान झाले ते मी जवळून पाहिले असल्यामुळे, ह्या दोन प्रश्नांची फारकत करून दाखविणे मला कर्तव्य वाटते.

१९ डिसेंबर २०१३ रोजी क्रिस्टीज ह्या विलायती लिलावसंस्थेने मुंबईत आपला हिंदुस्थानातील पहिला लिलाव पुकारला, आणि त्यात वासुदेव संतु गायतोंडे यांचे १९७९ सालचे एक निःशीर्षक चित्र, ज्याचा अंदाज साडेसहा ते साडेआठ कोटींचा धरण्यात आला होता, ते २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले. पुढे तो आकडाही मागे पडला. मार्च २०२१ मध्ये त्यांचे १९६१ सालचे चित्र ३९ कोटी ९८ लाखांना आणि २०२२ च्या आरंभी १९६९ सालचे चित्र ४२ कोटींना विकले गेले. त्या पहिल्या लिलावाची बातमी जेव्हा आली तेव्हा वृत्तपत्रात छापलेले ते हाताच्या पंजाएवढे चित्र आमच्या शिक्षकखोलीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. एकाने ही सारी धनिकांची लबाडी आहे असा निकाल दिला, तर दुसऱ्याने, असे असेल तर आपणही एखादे घेऊन ठेवायला हवे, असा बेत बोलून दाखविला. दोघेही सुज्ञ होते, आणि दोघांपैकी कोणीही त्या चित्राकडे पाहिले नव्हते. त्यांनी वाचली होती ती फक्त रक्कम.

गायतोंडे यांच्याविषयी चार शब्द अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण मराठी माणसाला अमूर्ताचा न्याय करावयाचा असेल तर त्याचा आरंभ त्यांच्यापासूनच व्हावा. मूळचे गोमंतकीय घराणे, १९२४ साली नागपुरास जन्म, १९४८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका, काही काळ मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह गटातील चित्रकारांचा सहवास, १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१ साली पद्मश्री आणि पुढची दीर्घ वर्षे दिल्लीच्या निजामुद्दीन भागातील एका लहानशा बिऱ्हाडात एकांतात, असा त्यांचा जीवनक्रम. ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे रंगवीत, आणि १९८४ साली झालेल्या अपघातानंतर तर काही वर्षे मोठ्या फलकांचे काम थांबलेच. रंगाचा एक पातळ थर द्यावा, तो वाळू द्यावा, त्यावर रूळ किंवा सुरी फिरवून काही भाग खरवडून काढावा, कागदाचे कपटे दाबून रंग उतरवावा आणि उचलावा, पुन्हा थर द्यावा. अशा रीतीने त्यांचा एकेक फलक हळूहळू घडत असे आणि रंगविण्याच्या काळापेक्षा नुसते बसून पाहण्याचा काळ मोठा असे. २००१ साली त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ च्या अखेरीस त्यांच्या कार्याचे समग्र प्रदर्शन मांडले तेव्हा त्यांना जाऊन तेरा वर्षे लोटली होती, आणि वर सांगितलेल्या कोट्यवधींपैकी एक पैसाही त्यांच्या हयातीत त्यांच्या हाती आला नव्हता.

हे तर कोणतेही पोर काढील, हा आक्षेप मी वर्गात असंख्य वेळा ऐकला आहे, आणि त्याचे उत्तर मी वादाने कधी दिले नाही. इंटरमिजिएट परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना मी सांगत असे, की संपूर्ण कागद एकाच रंगाने भरा, आकृती काढू नका, मात्र तो भिंतीवर लावल्यावर पाहणाऱ्याची नजर त्यावर टिकली पाहिजे. हुशार मुले, ज्यांचे स्थिरचित्र निर्दोष असे, ती ह्या कामात घायकुतीस येत. कारण फळाचे किंवा तांब्याचे चित्र चुकले तर नेमके कोठे चुकले हे दाखविता येते, पण जेथे आधाराला वस्तूच नाही तेथे रंगाची घनता, कडेची मऊ किंवा कठोर रेघ, वजन कोणत्या बाजूला झुकते आहे, ह्या प्रत्येक गोष्टीचा निर्णय रंगविणाऱ्यालाच घ्यावा लागतो आणि त्याला कोणताही साक्षीदार मिळत नाही. ज्याने हे एकदा करून पाहिले आहे तो गायतोंडे, अंबादास किंवा प्रभाकर बरवे यांच्या फलकासमोर उभा राहून पोराचे नाव घेणार नाही.

शिवाय, निराकारापुढे उभे राहणे आमच्या मुलखाला नवीन आहे असे म्हणणाऱ्याने आमचा मुलूख पाहिलेला नाही. जुन्नर शहराच्या पश्चिमेस तुळजा लेण्यात इसवी सनापूर्वीचे एक वर्तुळाकार चैत्यगृह आहे. बारा साधे अष्टकोनी खांब, मध्ये स्तूप, आणि त्या स्तूपावर ना मूर्ती ना मुद्रा. ज्या शिल्पींनी तो खडक फोडला त्यांना मनुष्याकृती घडविता येत नव्हती असे म्हणण्याचे धाडस कोण करील? जे सांगावयाचे होते ते केवळ घुमट, पोकळी आणि त्यांच्यातील अंतर एवढ्यांनीच सांगता येते, असा त्यांचा निश्चय होता. आंबेगावच्या पश्चिमेकडील माणूस भीमाशंकराच्या स्वयंभू लिंगासमोर किंवा गावच्या शिवेवरील शेंदूर माखलेल्या तांदळ्यासमोर हात जोडतो तेव्हा त्यात नाक-डोळे शोधीत नाही. ही धर्माची बाब आहे आणि चित्रफलक ही कलेची, हा भेद मी जाणतो. तथापि आकृतीवाचून माणसाचे चित्त स्थिर होऊ शकते, ह्या एका मुद्द्यापुरता तो पुरावा मला पुरेसा वाटतो. म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंदिग्ध आहे. अमूर्त कलेतील जे उत्तम आहे ते आपल्या कीर्तीस पूर्णपणे पात्र आहे. त्या नावाखाली आज जे रंगविले जाते त्यातील फार मोठा भाग मात्र उसन्या रीतीचा आणि उतावळ्या हाताचा आहे, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

आता दुसरा प्रश्न, आणि ज्याच्यासाठी लेखणी हाती घेतली तो अनुभव. माझे एक मावसभाऊ आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या बाजूला, बागायतदार आहेत. त्यांची काही जमीन रस्त्याच्या रुंदीकरणात संपादित झाली आणि मोबदल्याची रक्कम हाती आली. मुंबईच्या एका विक्रेत्याने, ज्याचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही, त्यांना नऊ लाखांना एका हयात चित्रकाराचा भला मोठा अमूर्त फलक विकला. गायतोंड्यांच्या किमती कशा चढल्या ह्याचा तक्ता दाखवून, हाही त्याच वाटेने जाणार आहे आणि पाच वर्षांत रक्कम निदान चौपट होईल, अशी तोंडी हमी त्याने दिली. खरेदी झाल्यानंतर मला बोलावणे आले. फलक टाकाऊ नव्हता, त्यात रंगाची थोडी जाण होती. परंतु थोड्या वेळात तो संपत होता. मी काही बोलण्यापूर्वीच भाऊ म्हणाले, “दादा, ह्याच्यात काय काढलंय ते राहू द्या, हे पुढं विकायचं कुठं, तेवढं सांगा.”

पुढे मुलीच्या वैद्यकीय शिक्षणासाठी पैशांची निकड निर्माण झाली तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. विक्रेत्याने बाजार मंद असल्याचे कारण सांगून चित्र परत घेण्याचे नाकारले आणि फार तर दलालीवर ठेवून पाहू असे सुचविले. एका लिलावसंस्थेकडे छायाचित्रे पाठविली. ह्या चित्रकाराचे काम आजवर एकाही जाहीर लिलावात आलेले नसल्यामुळे ते स्वीकारता येत नाही, असे सौजन्यपूर्ण उत्तर आले. अखेरीस घराण्यातील दागिने गहाण पडले. आज माझे भाऊ अमूर्त कलेचे नाव निघाले की संतप्त होतात, आणि त्यांचा संताप मला समजतो. पण ज्या फलकाने त्यांना काहीही वचन दिले नव्हते त्याच्यावर तो निघावा ह्याचे मला दुःख वाटते.

चित्राची लिलावातील किंमत त्याच्या गुणांचे माप नसते. ती ठरते तेव्हा चित्रकार बहुधा हयात नसतो, त्याची चित्रे मोजकी असतात, त्यांपैकी बरीच संग्रहालयांत कायमची गेलेली असतात, आणि उरलेल्यांपैकी एकासाठी त्या संध्याकाळी किमान दोन धनाढ्य माणसे मागे हटण्यास तयार नसतात. ह्यांतील एकही गोष्ट हयात आणि अपरिचित चित्रकाराच्या फलकाला लागू पडत नाही. दालनातून प्रथम होणारी विक्री आणि त्यानंतरची फेरविक्री हे दोन निराळे बाजार आहेत, आणि पहिल्यात मागाल ती किंमत लिहिता येते, कारण तेथे प्रतिस्पर्धी बोली नसते. ४२ कोटी ही रक्कम वाजवी आहे काय, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन की चित्राच्या थोरवीशी तिचा काहीही संबंध नाही. ते चित्र ज्या दिवशी पूर्ण झाले त्या दिवशी ते जेवढे थोर होते तेवढेच आजही आहे.

जे कोणी ह्या वाटेने जाऊ इच्छितात त्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे, की जमिनीच्या व्यवहारात तुम्ही जी दक्षता बाळगता तीच येथे बाळगा. सातबारा, फेरफार आणि मागील खरेदीखते पाहिल्यावाचून आमच्याकडील माणूस गुंठाभर जमिनीची इसारपावती करीत नाही. मग चित्रकाराच्या हातून ते चित्र कोणाकडे, कोणत्या साली, कोणत्या पावतीने गेले, कोणत्या प्रदर्शनाच्या सूचीत छापले गेले, ही साखळी का मागू नये? माझ्या भावांना मिळालेल्या अस्सलपणाच्या दाखल्यावर एकच सही होती आणि ती विकणाऱ्याचीच होती. ज्या जुन्नरचा हातकागद पेशवाईच्या दप्तरी वापरला गेला, त्या मुलखातील माणसाला स्वतःच स्वतःसाठी लिहून दिलेल्या कागदाची योग्यता समजावून सांगण्याची वेळ येऊ नये. मृत आणि नामांकित चित्रकाराच्या बाबतीत तर ही चौकशी दुप्पट कसोशीने करा. न्यूयॉर्कचे नोडलर हे १८४६ पासूनचे दालन २०११ साली बंद पडले, कारण रॉथको, पोलॉक इत्यादिकांची म्हणून तेथून विकली गेलेली सुमारे आठ कोटी डॉलरची चित्रे क्वीन्स भागातील एका चिनी चित्रकाराने रंगविलेली निघाली. आणि ती घेणाऱ्यांत जाणत्या संग्राहकांचा भरणा होता. लिलावसंस्था आपले निकाल प्रसिद्ध करतात, ते कोणालाही पाहता येतात. त्यांत ज्या चित्रकाराचे नाव नाही त्याच्या फलकाला गुंतवणूक म्हणणाऱ्याचे पुढचे बोलणे ऐकू नका. मुलांच्या शिक्षणाचा, औषधपाण्याचा किंवा विहिरीचा पैसा चित्रात घालू नका. आणि उद्या ह्याला एक दमडी आली नाही तरी हे माझ्या घरात असावे, असे ज्याच्याविषयी वाटते तेवढेच चित्र घ्या. असे चित्र हयात आणि प्रामाणिक चित्रकाराकडून पुष्कळदा बेताच्या रकमेत मिळते.

त्याआधी पाहा, पुष्कळ पाहा. मुंबईस गेलात तर १९५२ पासून चालू असलेल्या जहांगीर कलादालनात विनामूल्य जाता येते आणि समोरच्या चौकापलीकडे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. एका भेटीत सारी दालने पालथी घालण्यापेक्षा एकाच फलकासमोर पाय दुखेपर्यंत थांबा. शीर्षक वाचू नका, किंमत विचारू नका. आमच्या खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी महाकाय दुर्बीण उभी आहे, ती ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, तिच्या मुंबईच्या वास्तूत होमी भाभांनी जमविलेल्या संग्रहात गायतोंड्यांची चित्रे आहेत. भाभांनी ती चित्रे घेतली तेव्हा हे चित्रकार तरुण होते आणि बाजाराला त्यांचे नावही माहीत नव्हते. शास्त्रज्ञाच्या नजरेने जे तेव्हा ओळखले ते लिलावाच्या हातोड्याने पन्नास वर्षांनी ओळखले, हे लक्षात घेतले म्हणजे कोणाच्या मागून जावे हे ठरविणे सोपे होते.

शेवटी, ओतूर, नारायणगाव, घोडेगाव, मंचर येथून परीक्षा देऊन जे. जे.कडे किंवा पुण्याच्या कलाविद्यालयांकडे जाणाऱ्या मुलामुलींसाठी. तुमच्यापैकी कोणी अमूर्ताकडे वळले तर घरच्यांनी घाबरू नये, आणि तुम्हीही कोट्यवधींच्या बातम्या डोळ्यांपुढे ठेवू नका. मात्र कायदा वाचून ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ घातले गेले आहे, त्यान्वये मूळ चित्राची फेरविक्री दहा हजारांहून अधिक किमतीस झाल्यास चित्रकाराला अथवा त्याच्या वारसांना त्या किमतीत हिस्सा मागता येतो, आणि तो दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. हा हक्क बजावताना फार थोडे दिसतात, कारण आपले चित्र आज कोणाच्या भिंतीवर आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसते. तेव्हा पहिले चित्र विकले जाईल त्या दिवसापासून एक बांधीव वही करा. तीत प्रत्येक चित्राचे छायाचित्र, माप, माध्यम, साल, घेणाऱ्याचे नाव आणि पत्ता, मिळालेली रक्कम आणि दालनाने कापून घेतलेला हिस्सा लिहा, पावतीची प्रत तीत चिकटवा, आणि त्या वहीची एक नक्कल घरी गावाकडे ठेवा.