दम्याच्या उपचारांत प्रतिजैविके : उपयोग आणि सावधगिरी

दमा हा मुळात जंतुसंसर्ग नसून श्वासनलिकांना दीर्घकाळ राहणारी सूज होय. मग काही रुग्णांना प्रतिजैविक का दिले जाते, असे नातेवाईक आम्हांस विचारतात. ॲझिथ्रोमायसिनसारखी मॅक्रोलाइड गटातील औषधे जंतूंना रोखतातच, शिवाय सूजही कमी करतात.

ऑस्ट्रेलियातील ४२० प्रौढ रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. नेहमीचे इन्हेलर चालू ठेवून एका गटास आठवड्यातून तीनदा ५०० मिलिग्रॅम ॲझिथ्रोमायसिन, तर दुसऱ्यास औषधविरहित गोळी ४८ आठवडे देण्यात आली. दम्याच्या झटक्यांचे प्रमाण प्रतिरुग्ण वर्षाला अनुक्रमे १.०७ व १.८६ आढळले.

तथापि जुलाब, श्रवणदोष, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता आणि औषधास न जुमानणारे जंतू हे धोके आहेत. म्हणून हे औषध निवडक प्रौढांनाच, ईसीजी पाहून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्यावयाचे असते. घरात उरलेल्या गोळ्या झटक्याच्या वेळी रुग्णास देऊ नयेत, ही नम्र विनंती.

इन्हेलर हाच मुख्य उपचार होय. पैशांअभावी तो बंद करण्याची वेळ आल्यास आमच्या समाजसेवा विभागास अवश्य कळवावे. देणगीदारांचे साहाय्य त्यासाठीच आहे.