घाटमाथ्यावरचे ढग आणि लहान विमान

भाटघर धरणाच्या पश्चिमेला वेळवंडीचे खोरे अरुंद होत सह्याद्रीच्या माथ्याला भिडते. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा कोकणातून येऊन या डोंगरभिंतीवर चढतो, थंड होतो आणि ढगांनी माथा झाकून टाकतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पुण्यात जेमतेम सातशे. त्यामुळे लोहगावचा हवामान अहवाल स्वच्छ असला तरी भोर-वेल्ह्याच्या माथ्यावर काय चालले आहे, ते त्यावरून कळत नाही.

पुण्याहून कोकणाकडे निघालेले विमान या डोंगराला आडोशाच्या बाजूने भिडते, आणि खरा धोका तिथेच असतो. माथा ओलांडलेली हवा सांडव्यावरच्या पाण्यासारखी खाली कोसळते. चार आसनी पिस्टन विमान समुद्रसपाटीला मिनिटाला सुमारे सातशे फूट चढते आणि उंचीवर त्याहून कमी. खाली येणारा झोत याहून जोरकस असू शकतो, म्हणजे इंजिन पूर्ण जोरात असूनही विमान खाली जात राहते. अशा वेळी नाक आणखी वर खेचले तर वेग घटतो आणि पंखांची उचल संपते. वेग राखून ताबडतोब सखल भागाकडे वळणे हाच उपाय.

म्हणून माथ्याच्या वर किमान दोन हजार फूट अंतर ठेवावे आणि माथा काटकोनात न ओलांडता पंचेचाळीस अंशांत तिरपे जावे, म्हणजे माघारीसाठी थोडेच वळावे लागते. तोरणा १४०३ मीटर, म्हणजे सुमारे ४६०० फूट उंच आहे. त्याच्यावरून जायचे तर ६६०० फूट उंची हवी. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांचा तळ बहुधा त्याच्या कितीतरी खाली असतो. तेव्हा वाट बंद आहे असेच समजावे.

ढगांखालून खोऱ्यातून वाट काढण्याचा मोह सर्वांत घातक. ताशी १६७ किलोमीटर वेगाने, तीस अंश कलून वळणाऱ्या विमानाच्या वर्तुळाचा व्यास साडेसातशे मीटर भरतो. खोरे वर जाताना तेवढे रुंद राहीलच असे नाही, आणि जमीनही विमानापेक्षा वेगाने वर येते. खोऱ्यात मधोमध उडू नये. एका कडेला राहिले तर वळायला पूर्ण रुंदी मिळते.

पानशेत, वरसगाव, भाटघर, नीरा-देवघर ही सगळी लांब, नागमोडी पाणी असलेली धरणे. ढगांच्या फटीतून एखादाच पाण्याचा तुकडा दिसला तर एका खोऱ्याला दुसरे समजणे सोपे आहे. स्थानाचा असा अंदाज मोठ्या विमानांचाही चुकला आहे. ६ आणि ७ जुलै १९६२ मधल्या रात्री अलितालियाचे डीसी-८ विमान मुंबईजवळ पोहोचल्याच्या समजुतीने लवकर खाली उतरू लागले आणि जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. त्यातले सर्व ९४ जण गेले.

ढगात शिरलेल्या वैमानिकाला आतल्या कानाचे संकेत फसवतात. इलिनॉय विद्यापीठाने १९५४ मध्ये उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या वीस जणांची चाचणी घेतली. त्यांचा ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. अशा वेळी बाहेर डोकावू नये. कृत्रिम क्षितिजावर पंख सरळ ठेवावेत, सुरक्षित उंचीकडे चढत राहावे आणि नियंत्रण कक्षाला लगेच स्पष्ट सांगावे. संकोचामुळे आजवर मौल्यवान मिनिटे वाया गेली आहेत. दमट हवेत वीस अंश तापमानालाही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, म्हणून इंजिनाचा आवाज जड होताच कार्ब्युरेटर हीट लावावी.

हेलिकॉप्टर हळू जाऊ शकते, थांबूही शकते, म्हणून ते सुरक्षित, हा समज मोडायला हवा. २४ ऑगस्ट २०२४ रोजी मुळशीत पौडजवळ मुसळधार पावसात एक हेलिकॉप्टर कोसळले. त्यातले चौघे बचावले. २ ऑक्टोबरला बावधनजवळ धुक्याच्या सकाळी दुसरे पडले आणि तिघांचा जीव गेला.

परतीची जागा जमिनीवरच ठरवून नकाशावर खूण करावी. भाटघरच्या भिंतीपाशी पोहोचल्यावर पश्चिमेचा माथा स्पष्ट दिसत नसेल, तर तिथूनच मागे वळून कापूरहोळकडे, सातारा महामार्गाच्या मोकळ्या पट्ट्यात यावे. प्रवाशांनाही ही अट उड्डाणापूर्वीच सांगून ठेवावी.