सीमॉसचा सेल

बाळा, जुन्या संगणकाचं घड्याळ मागे पडतंय अशी तक्रार आली की आपला हात लगेच सेल काढायला जातो. तो आवर. यंत्र कोरडं असेल तर आधी वही. डिलीट दाबून सेटअपमध्ये शिर आणि दिसेल ते उतरवून घे, नाहीतर मोबाइलवर फोटो काढ. हार्ड डिस्कची ओळ तर दोनदा वाच. २८६-३८६ च्या जमान्यातली बरीच यंत्रं डिस्क स्वतःहून ओळखत नाहीत. टाइप ४७ समोर सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे कुणीतरी हाताने भरलेले असतात आणि ते सेलच्याच जिवावर टिकतात. घड्याळ नुसतं रेंगाळत असेल तोवर हे आकडे बहुधा शाबूत असतात. पडद्यावर १ जानेवारी १९८० दिसली की समजायचं, गेले. डॉसची कालगणनाच त्या दिवसापासून सुरू होते. मग डिस्कवरच्या लेबलावरून आकडे भरत बसायचं, आणि लेबल ओलीने पुसलं असेल तर काम फार अवघड होतं.

एका सेलवर घड्याळ आणि सेटअप दोन्ही का अवलंबून, हे गिऱ्हाइकालाही सांगत जा. आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीत घड्याळच नव्हतं. चालू केलं की तारीख-वेळ आपण टाइप करायची. १९८४ च्या एटीमध्ये मोटोरोलाची एमसी १४६८१८ ही चिप आली. घड्याळ आणि सेटअप लक्षात ठेवणारी ६४ बाइटची मेमरी, म्हणजे सीमॉस, एकाच चिपमध्ये. शेजारचा इवलासा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केलास की एक उरतो, तोच आपला सेकंद.

आता सेल. नाण्यासारखा सीआर २०३२ असेल तर काम सोपं: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, म्हणून २०३२. नवा सेल मीटरवर तीन व्होल्टच्या वर दाखवतो, २.७ च्या खाली आला की बदलून टाक. पण आपल्याकडे पावसाळ्यात पुष्कळदा सेल चांगला असतो आणि होल्डरची पत्ती काळवंडलेली असते. खोडरबराने घास, स्पिरिटचा बोळा फिरव, पत्ती किंचित वर उचल. सेल ओल्या बोटांनी धरू नको. शेजारचा तीन पिनांचा जम्परही बघ. तो कुणी ‘क्लिअर’वर ठेवून दिला असेल तर कितीही सेल बदललेस तरी घड्याळ टिकणार नाही. आणि शाळेतली यंत्रं सुट्टीत मेन स्विचपासून बंद असतात, तेव्हा सगळा भार सेलवर येतो. एरवी प्लग लावलेला असला तर एटीएक्स यंत्रात घड्याळाला विजेवरून पुरवठा मिळतो.

जुन्या बोर्डावर सोल्डर केलेली ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी दिसली तर ती चालू असो वा नसो, कापून काढ. ती आज ना उद्या गळते आणि आतलं अल्कली तांब्याच्या रेघा खात लांबपर्यंत जातं. हातमोजे घाल, पांढऱ्या व्हिनेगरच्या बोळ्याने हिरवट क्षार पूस, मग स्वच्छ पाणी, मग आयसोप्रोपिल. तिच्या जागी लिथियमचा सेल सरळ डकवू नको. बोर्ड त्या जागी चार्जिंग करतो आणि लिथियम सेलला चार्जिंग चालत नाही, तो फुटू शकतो. मध्ये डायोड हवाच.

काळा ठोकळा, त्यावर डॅलस डीएस १२८८७ असं लिहिलेलं, म्हणजे सेल आणि क्रिस्टल दोन्ही आत बंद. बाजारात ‘नवा’ म्हणून मिळतो तोही कपाटात पडून संपलेला असू शकतो. ठोकळा बाजूने हळू घासत जा, १६ आणि २० नंबरच्या पिनांची आतली जोडणी उघडी पडेल. मेलेला सेल तोडून वेगळा कर आणि बाहेरून होल्डर जोड. २० ला धन, १६ ला ऋण. घाईच्या दिवशी हे काम घेऊच नको.

हे सगळं कोरड्या यंत्राचं. ओल्या यंत्राचा नियम बरोबर उलटा, आणि महाडात धंदा करायचा तर हाच पाठ हवा. २२ जुलै २०२१ ला सावित्री-गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. माणसं आधी, यंत्रं नंतर, हे सांगायला नको. पण पाणी ओसरल्यावर गाळातलं यंत्र हातात आलं की वही नाही, सेटअप नाही, आधी सेल काढ. वीज नसली तरी सेलचे तीन व्होल्ट बोर्डावर चालूच असतात. ओल्या गाळातून तो प्रवाह वाहत राहतो आणि तांबं झिजत जातं. चालू होतंय का बघायला प्लग लावायचा नाही. हार्ड डिस्क बाजूला, एसएमपीएस बाजूला. नुसता बोर्ड साध्या पाण्याने धू, आयसोप्रोपिलने पूस. जुलैत हवेवर काही वाळत नाही, म्हणून पंख्याखाली ठेव, थोड्या अंतरावर पिवळा बल्ब. पोलादपूरकडे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, आणखी दोन दिवस जास्त धर.

लोक म्हणतील, भंगारात टाका. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड लावून डॉसवर टाइप केलेली मराठी कागदपत्रं अशा डिस्कवर असतात आणि नव्या यंत्रावर ती सरळ उघडत नाहीत. कुणाची वंशावळ असेल, कुणाच्या संस्थेची इतिवृत्तं. विचारल्याशिवाय काही टाकू नको.

सेल बसवला की वेळ लाव. डॉस ३.३ पासून डेट आणि टाइम या आज्ञांनीच चिपमधली वेळ बदलते. त्याआधीच्या डॉसला सेटअपची फ्लॉपी लागते. मग प्लग काढून रात्रभर ठेव आणि सकाळी बघ. नेमका साडेपाच तासांचा फरक दिसला तर सेलला दोष देऊ नको. त्या यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असणार. विंडोज चिपमध्ये आपली वेळ लिहितं, लिनक्स बहुधा जागतिक वेळ. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांग.

काढलेला सेल चिकटपट्टीत गुंडाळून झाकणाच्या डबीत ठेव, टेबलावर सोडू नको. लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. उलटी करवायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा.